नदी, डोह आणि गाळ: टेबलटॉप आरपीजीत पाण्यातली हालचाल बिनचूक कशी चालवायची

टेबलटॉप आरपीजीत, म्हणजे टेबलावर फासे टाकून एकेक पात्र रंगवायच्या खेळात, नकाशावर नदी आली की खेळ बहुतेक वेळा दोनपैकी एका जागी अडकतो. एक तर डीएम (खेळ चालवणारा) "पाणी आहे, स्पीड निम्मा" म्हणून मोकळा होतो आणि पूर आलेली नदी गुडघाभर ओढ्यासारखी पार होते. नाहीतर प्रत्येक चौकोनाला फासा टाकायला लावतो आणि पाच जणांना नदी ओलांडायला दीड तास लागतो. दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. खोली, खळबळ आणि धार या तीन वेगळ्या गोष्टी एकाच नियमात कोंबल्या जातात. त्या सुट्या केल्या आणि ठरलेल्या क्रमाने चालवल्या की सगळं सुरळीत होतं.

खालचे नियम डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे आहेत. २०१४ आणि २०२४ च्या पुस्तकांत फरक आहे तिथे तसं सांगितलं आहे. टेबलावर ठरवायच्या गोष्टी, म्हणजे पुस्तकात नसलेल्या, तिथल्या तिथे वेगळ्या सांगितल्या आहेत.

## तयारी: सेशनच्या आधी

लागणारं सामान थोडकंच आहे. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी पूर्ण कार्डशीट २२ बाय २८ इंचांची असते. एक इंचाचे चौकोन आखले की २२ बाय २८ चौकोनांचा नकाशा तयार. एक चौकोन म्हणजे ५ फूट. नदी २८ च्या लांबीने वाहू द्या, आडवी नको. कारण पाचव्या पायरीत कळेल.

दोन रंगांचे स्केचपेन, बाणांसाठी पेन्सिल आणि मूठभर हरभरे घ्या. हरभरे श्वास आणि पाण्याची पातळी मोजायला लागतात.

प्रत्येक खेळाडूकडून पाच आकडे आधीच एका कागदावर उतरवून घ्या: स्पीड (एका टर्नमध्ये, म्हणजे आपल्या पाळीत, किती फूट जाता येतं), पोहण्याचा वेगळा स्पीड असेल तर तो, अ‍ॅथलेटिक्सचा बोनस (पोहण्या-चढण्याच्या कौशल्याची फाशातली भर), कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) मॉडिफायर आणि पात्राची उंची. उंची हमखास राहून जाते, आणि पाण्यात तीच सगळ्यात आधी लागते.

## पायरी १: प्रत्येक पाण्याला तीन खुणा करा

खोली. २०२४ च्या पुस्तकात स्पष्ट आहे: नडगीपासून कंबरेपर्यंतचं पाणी हे डिफिकल्ट टेरेन (चालायला अवघड जागा), आणि ही मोजणी त्या-त्या पात्राच्या अंगावर करायची. २०१४ मध्ये अशी रेघ नाही, पण हीच वापरावी. नडगीखालचं स्वच्छ पाणी म्हणजे साधी जमीन. कंबरेच्या वर गेलं की पोहणं.

कोल्हापुरात ही सवय लागायला वेळ लागत नाही. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज फुटांतच ऐकू येते, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका. नकाशावरही तसंच करा. "खोल पाणी" असं लिहू नका, "४ फूट" लिहा. सहा फुटी माणसाला २ फूट पाणी गुडघ्याच्या जरा वर येतं. तेच पाणी ३ फुटी हाफलिंगच्या कंबरेवर जातं, म्हणजे त्याच चौकोनात एक जण चालतोय आणि दुसरा पोहतोय.

खळबळ. लाटा, फेस, भोवरा, पाण्याखालचे दगड, जलपर्णी. असेल तर चौकोनात फुली मारा, नसेल तर काही नको.

धार. पेन्सिलीने बाण काढा आणि बाणाशेजारी एका राउंडला (सगळ्यांची एकेक पाळी) किती चौकोन वाहून नेईल तो आकडा लिहा. तळ्यात बाण नाही. रंकाळ्यासारख्या तळ्यात खोली असते, वारा सुटला तर थोडी खळबळही असते, पण धार नसते. डोहात खोली भरपूर आणि धार नावाला. उतारावर खोली कमी आणि धार जोरात.

> तपासा: एखाद्या चौकोनाकडे बोट दाखवून "किती फूट, फुली आहे का, बाण किती" हे तीन सेकंदांत सांगता येतंय का? नसेल तर नकाशा अजून अर्धवट आहे.

## पायरी २: स्पीड कापू नका, चौकोनाची किंमत वाढवा

सर्वाधिक चुका इथे होतात. पाण्यात पात्राचा स्पीड निम्मा होत नाही. स्पीड ३० चा ३० च राहतो, फक्त प्रत्येक फुटासाठी जास्त फूट मोजावे लागतात. एका चौकोनाची किंमत अशी:

- साधी जमीन: ५ फूट
- नडगी ते कंबर पाणी, म्हणजे डिफिकल्ट टेरेन: १० फूट
- संथ पाण्यात पोहणं: १० फूट
- फुलीच्या पाण्यात पोहणं: १५ फूट

शेवटची ओळ पुन्हा वाचा. पोहणं दुप्पट आणि डिफिकल्ट टेरेन दुप्पट, म्हणून चौपट, असा हिशेब बरेच जण करतात. तो चूक आहे. पोहताना फुटामागे १ फूट जादा लागतो, डिफिकल्ट टेरेनमध्ये पोहताना २ फूट जादा. एकूण तिप्पट. तसंच जलपर्णी, गाळ आणि दगड एकाच चौकोनात आले तरी डिफिकल्ट टेरेन एकदाच धरायचं. त्याची बेरीज होत नाही.

पोहण्याचा स्वतंत्र स्पीड असलेल्या पात्राला पोहण्याचा जादा खर्च नाही. संथ पाणी ५ फूट, फुलीचं १०.

किंमत आणि स्पीड यांतला फरक एकाच टर्नमध्ये जमीन आणि पाणी आलं की दिसतो. स्पीड ३० चा माणूस काठावर दोन चौकोन चालला, १० फूट गेले. उरलेल्या २० फुटांत तो संथ पाण्यात दोन चौकोन पोहतो. "स्पीड निम्मा" म्हणणाऱ्या डीएमला इथे नेमका कधीपासून निम्मा, हे सांगता येत नाही.

उरलेल्या फुटांकडेही लक्ष हवं. २०१४ च्या नियमांत बुटक्याचा (ड्वार्फचा) स्पीड २५ आहे. संथ पाण्यात तो दोन चौकोन पोहतो आणि ५ फूट उरतात. त्या पाच फुटांत पुढचा पाण्याचा चौकोन येत नाही, पण पुढचा चौकोन कोरड्या काठाचा असेल तर येतो, कारण किंमत ज्या चौकोनात शिरायचं त्याची असते, सोडतो त्याची नाही. काठ उभा असेल तर मात्र चढण्याचे जादा फूट धरा.

डॅश (हल्ला सोडून पुन्हा तेवढंच अंतर जाणं) घेतला तर आधी बेरीज करा, मग भागा. त्याच बुटक्याचे फुलीच्या पाण्यात डॅशसह ५० फूट होतात, म्हणजे तीन चौकोन. २५ चा एक आणि पुन्हा २५ चा एक असा हिशेब केला तर दोनच येतात, आणि त्याचा हक्काचा एक चौकोन बुडतो.

## पायरी ३: पाण्यात शिरण्याआधी उडीचा विचार करा

ओढा अरुंद असेल तर पाण्यात उतरायची गरजच नसते. १० फूट धाव घेऊन मारलेली लांब उडी स्ट्रेंग्थच्या आकड्याइतके फूट जाते, उभ्याने मारली तर निम्मी. उडीतला प्रत्येक फूट चालण्याचा एकच फूट खातो. स्ट्रेंग्थ १५ असलेला योद्धा दोन चौकोनांचा ओढा सहज ओलांडतो. पण समोर चिखल असेल तर २०१४ च्या नियमानुसार उतरताना डीसी १० चा अ‍ॅक्रोबॅटिक्स चेक (वीस बाजूंच्या फाशावर बोनस धरून किमान १० हवेत), चुकला तर आडवा. उभं राहायला निम्मा स्पीड जातो. इथे तो खरोखरच निम्मा आहे.

## पायरी ४: चेक कधी घ्यायचा, कधी नाही

नियम असा आहे: खळबळीच्या पाण्यात पुढे सरकायचं तर डीएम स्ट्रेंग्थ (अ‍ॅथलेटिक्स) चेक मागू शकतो. मागायलाच हवा असं नाही. २०२४ मध्ये त्याचा डीसी १५ दिला आहे.

तीन गोष्टी पाळा. संथ पाण्यात चेक नाही. एका टर्नला एकच चेक, चौकोनागणिक नाही. आणि चेक हुकला तर त्या टर्नला पोहून पुढे सरकता येत नाही, एवढीच शिक्षा. वर हिट पॉइंट (पात्राचा जीव मोजणारा आकडा) कापू नका, धार आपलं काम करणारच आहे.

डीसी निवडताना आधी हिशेब करा. अ‍ॅथलेटिक्समध्ये काहीच बोनस नसलेला जादूगार डीसी १५ ला ३० टक्के वेळा पास होतो. आठ चौकोन फुलीचं पाणी आहे आणि यशस्वी टर्नला दोन चौकोन जातात, तर चार यशं हवीत. ३० टक्क्यांच्या हिशेबाने सरासरी तेरा टर्न. तेवढ्यात लढाई संपलेली असते आणि तो खेळाडू मोबाइल बघत बसलेला असतो. डीसी १० ठेवला तर ५५ टक्के, साधारण सात टर्न. म्हणून डीसी १५ ही अरुंद, थरारक जागांसाठी ठेवा, दोन-तीन चौकोनांचा भोवरा किंवा बंधाऱ्याखालचा फेस. लांबवरच्या पाण्याला डीसी १० पुरे.

जड चिलखतामुळे पोहण्याच्या चेकला आपोआप तोटा होतो असा नियम पुस्तकात नाही. लावायचा असेल तर पहिल्या सेशनलाच सांगा, नदीकाठी आल्यावर नको.

## पायरी ५: धार, आणि ती नेमकी कधी लावायची

लढाईच्या राउंडमध्ये धार किती चौकोन वाहून नेते, हे पुस्तक सांगत नाही. पण होड्यांच्या वेगाच्या तक्त्याखाली नदीची साधारण धार ताशी ३ मैल दिली आहे. तेवढ्यावरून आकडा काढता येतो. ताशी ३ मैल म्हणजे सेकंदाला ४.४ फूट. राउंड ६ सेकंदांचा, म्हणजे २६.४ फूट. पूर्णांकात ५ चौकोन. ताशी १ मैल धरली तर ८.८ फूट, म्हणजे २ चौकोन.

स्पीड ३० चा पोहणारा संथ पाण्यात टर्नला तीन चौकोन जातो. साधारण नदीची धारच पाच चौकोनांची, म्हणजे सगळा जोर लावून उलटा पोहला तरी तो दर राउंडला दोन चौकोन मागेच येणार. हा एक आकडा नकाशावर लिहिला की नदी नदीसारखी वागायला लागते. त्याच तक्त्यात वल्ह्याच्या छोट्या होडीचा वेग ताशी दीड मैल आहे, आणि जोराच्या धारेविरुद्ध ती वल्हवता येत नाही असंही लिहिलं आहे. काठावरून जनावरांनी ओढून नेता येते.

धार लावायची वेळ ठरलेली हवी. प्रत्येकाच्या स्वतःच्या टर्नच्या शेवटी. राउंडच्या सुरुवातीला सगळ्यांना एकदम सरकवलं, तर जो त्यानंतर पाण्यात पडला तो फुकट एक राउंड स्थिर राहतो, आणि जो आधी होता त्याचा हिशेब कोणालाच आठवत नाही. टर्नच्या शेवटी लावली की पाण्यातला प्रत्येक जण, राक्षससुद्धा, राउंडला एकदाच वाहतो.

१२ चौकोन रुंद नदी, फुली नाही, बाण २. सरळ पलीकडे पोहायला चार टर्न, त्यात आठ चौकोन वाहून जाणार. बाण ५ असेल तर वीस. म्हणूनच नदी कार्डशीटच्या लांबीने काढायची आणि सोंगट्या वरच्या अंगाला मांडायच्या. मध्यावर मांडल्या तर चौदाच चौकोन उरतात आणि अर्धे जण टेबलाखाली जातात.

पाणी कंबरेच्या वर गेलेलं नसेल तर धार आपोआप वाहून नेत नाही. टर्नच्या शेवटी डीसी १० चा अ‍ॅथलेटिक्स चेक घ्या, चुकला तरच बाणाच्या दिशेने सरकवा. हा टेबलाचा नियम आहे, पण कंबरेच्या आतलं आणि वरचं पाणी यांतला फरक त्याने चांगला जाणवतो.

> सावधान: धारेने वाहून जाणं ही पात्राची स्वतःची हालचाल नाही. त्यावर ऑपॉर्च्युनिटी अटॅक (दूर जाणाऱ्यावर शत्रूला मिळणारा आयता वार) मिळत नाही.

## पायरी ६: दोर आणि ओढून आणणं

तागाचा दोर ५० फुटांचा असतो, म्हणजे दहा चौकोन. नदी बारा चौकोनांची असेल तर एक दोर पलीकडे पोचत नाही. हे नदीच्या मधोमध लक्षात येण्याआधी मोजायला लावा.

दोराचं एक टोक झाडाला किंवा खांबाला बांधलेलं असेल तर धरून ठेवायला चेक नको. माणसाने हातात धरला असेल तर ताण बसेल त्या टर्नला त्याचा अ‍ॅथलेटिक्स चेक. दोर ताणला गेला की वाहणारा माणूस खाली जात नाही, बांधलेल्या टोकाभोवती फिरत आपल्याच काठाकडे येतो. टर्नच्या शेवटी त्याला एक-दोन चौकोन काठाकडे सरकवा.

बुडणाऱ्याला पकडून ओढताना २०१४ च्या नियमात ओढणाऱ्याचा स्पीड निम्मा होतो. ३० चे १५ झाले, संथ पाण्यात एक चौकोन आणि ५ फूट शिल्लक. बाण ५ असलेल्या नदीत हे बहुतेक वेळा दोघांना घेऊन जातं. दोर असेल तर आधी दोर फेका.

## पायरी ७: श्वास

इथे डीएम उगाच घाई करतात. श्वास रोखण्याची मुदत १ अधिक कॉन्स्टिट्यूशन मॉडिफायर इतकी मिनिटं आहे, किमान ३० सेकंद. मॉडिफायर +२ असेल तर तीन मिनिटं, म्हणजे तीस राउंड. एखादी लढाई इतकी चालत नाही. पाण्यात डोकं गेल्यावर तिसऱ्या राउंडला "आता तू बुडतोयस" म्हणणं सरळ नियमाविरुद्ध आहे. नदीतला खरा धोका धार आहे, श्वास नव्हे.

मुदत संपल्यावर मात्र आवृत्त्यांचे रस्ते वेगळे होतात. २०१४ मध्ये मॉडिफायरइतके राउंड (किमान एक) तग धरतो आणि त्यानंतरच्या टर्नच्या सुरुवातीला हिट पॉइंट शून्यावर. २०२४ मध्ये प्रत्येक टर्नच्या शेवटी एक्झॉशनची (थकव्याची) एक पातळी, सहाव्याला मृत्यू. मुदत संपत आली की उरलेल्या राउंडांइतके हरभरे खेळाडूसमोर ठेवा आणि टर्नला एक उचलायला सांगा.

## पायरी ८: पाण्यातली लढाई, थोडक्यात

२०१४: पोहण्याचा स्पीड नसेल तर हाताच्या शस्त्राला डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी आलेला धरायचा), अपवाद खंजीर, जॅव्हलिन, शॉर्टसोर्ड, भाला आणि त्रिशूळ. २०२४ मध्ये यादी गेली, भोसकणारं शस्त्र असेल तर सूट. पूर्ण पाण्याखाली असलेल्याला आगीचं नुकसान निम्मं. हा नियम पाण्याखालच्या लढाईचा आहे. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्याला तो लावू नका.

## गाळ वेगळा

दलदलीला पोहण्याचा नियम लावणं ही वेगळीच चूक. २०१४ च्या डीएम पुस्तकात रुतणाऱ्या वाळूचा नियम आहे, तो नदीच्या गाळाला चपखल बसतो. शिरताक्षणी १ अधिक चार बाजूंच्या फाशाइतके फूट रुततो आणि रिस्ट्रेन्ड होतो, म्हणजे जागीच अडकतो. पुढच्या प्रत्येक टर्नच्या सुरुवातीला आणखी एका चार बाजूंच्या फाशाइतके फूट. स्वतः निघायला अ‍ॅक्शन आणि स्ट्रेंग्थ चेक, डीसी १० अधिक रुतलेले फूट. दुसऱ्याने ओढलं तर डीसी ५ अधिक तेवढेच फूट. चार फूट रुतलेल्याला स्वतः १४, मित्राला ९. खेळाडूंना हे दोन आकडे आधीच सांगा, म्हणजे ते एकमेकांना ओढायला लागतात.

## पाथफाइंडर खेळणाऱ्यांसाठी

पाथफाइंडर हा वेगळा आरपीजी. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत वरचा किंमतीचा हिशेब पोहण्याला लागू नाही. पोहणं ही स्वतंत्र अ‍ॅक्शन आहे: यश मिळालं तर ५ फूट, आणि जमिनीवरच्या दर २० फूट स्पीडमागे आणखी ५. २५ स्पीडच्या पात्राला दोन चौकोन. पाण्यात टर्न संपवला आणि त्या टर्नमध्ये पोहण्यात एकदाही यश आलं नाही, तर १० फूट खाली बुडतो किंवा धारेबरोबर जातो, जीएम (तिथला डीएम) ठरवेल तसं. शेवटची अ‍ॅक्शन पाण्यात शिरण्याची असेल तर त्या टर्नला सूट. श्वास तिथे मिनिटांत नाही, ५ अधिक कॉन्स्टिट्यूशन मॉडिफायर इतके राउंड, आणि हल्ला किंवा मंत्र केला की त्या टर्नला दोन कमी होतात. तिथे हरभरे पहिल्याच राउंडपासून मांडावे लागतात.

## सगळं एकत्र: पुरातला बंधारा

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा नकाशाला फार सोयीचा आहे. दगडी खांब, मधल्या गाळ्यांत बसवलेले बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या), आणि वरून माणूस-गाडी जाईल असा रस्ता. पावसाळ्याआधी बरगे काढतात आणि पूर आला की रस्ताच पाण्याखाली जातो. (हे टेबलावरच करायचं. खऱ्या बंधाऱ्यावरून पाणी वाहताना पाय टाकायचा नाही.)

नदी १२ चौकोन रुंद. बंधाऱ्याचा रस्ता एक चौकोन रुंदीचा, त्यावर २ फूट पाणी. वरच्या अंगाला ८ फूट, फुली नाही, बाण २. खालच्या अंगाला ८ फूट, फुली, बाण ५, डीसी १५.

सहा फुटी योद्धी, स्पीड ३०. रस्त्यावरचा चौकोन १० फुटांचा, टर्नला तीन, बारा चौकोनांना चार टर्न. डॅश घेत गेली तर दोन. प्रत्येक टर्नच्या शेवटी डीसी १०, चुकला तर एक चौकोन खालच्या अंगाला, म्हणजे थेट फेसात. वाहण्याचा आकडा इथे एकच ठेवा, रस्ता तेवढाच रुंद आहे. डॅशने चार चेकचे दोन होतात, पण त्या टर्नला तिला लढता येत नाही. हा निर्णय खेळाडूवर सोडा, आकडे मात्र तोंडाने सांगा.

तिच्यामागचा हाफलिंग, २०१४ च्या नियमाने स्पीड २५. दोन फूट पाणी त्याच्या कंबरेच्या वर आहे, म्हणजे तो पोहतोय. टर्नला दोन चौकोन, आणि पाणी कंबरेच्या वर असल्याने चेक न घेताच धार लागते. पहिल्याच टर्नच्या शेवटी तो रस्त्यावरून खाली. त्यामुळे त्याने योद्धीच्या पाठीवर बसणं किंवा दोराला बांधून घेणं हे दोनच शहाणे मार्ग आहेत, आणि ते त्याला काठावर असतानाच कळायला हवेत.

पाणी चढवायचं असेल तर राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांची आठवण ठेवा. सात हरभरे ओळीने मांडा आणि दर दोन राउंडना एक उचला. तिसरा उचलला की रस्त्यावर ३ फूट, ही इशारा पातळी: चेकचा डीसी १० वरून १२. पाचवा उचलला की ४ फूट, ही धोका पातळी: आता योद्धीच्याही कंबरेवर पाणी गेलं, सगळ्यांसाठी पोहणं सुरू, आणि रस्त्यावर बाण ५. पातळी बदलण्याआधी एक राउंड मोठ्याने सांगा, म्हणजे मागे फिरायचं की पुढे रेटायचं हे ठरवायला वेळ मिळतो.

फेसात पडलेल्याचा पहिला टर्न असा चालवा: आधी चेक, डीसी १५. पास झाला तर स्पीड ३० मध्ये दोन चौकोन, काठाकडे. नापास झाला तर जागेवरच. मग दोन्ही वेळी पाच चौकोन खाली. दोर बांधलेला असेल तर दहावा चौकोन मोजून तिथेच थांबवा आणि काठाकडे दोन चौकोन सरकवा. दोर नसेल आणि तो कार्डशीटच्या बाहेर गेला, तर त्याला मेलेला धरू नका. खालच्या वळणावर काठाला लागला असं ठरवा आणि परत येण्याचं अंतर मोजून द्या: बाहेर गेलेल्या प्रत्येक पाच चौकोनांना चिखलातून २५ फूट, स्पीड ३० ला ५० फुटांचा खर्च, म्हणजे डॅशसह एक टर्न.